रविवार मिळाला, भरपाईचे काय?

शाळा, महाविद्यालये आणि सरकारी कचेऱ्या रविवारी बंद असतात, ही गोष्ट इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यामागे काही इतिहास असेल असे सहसा कोणाच्या मनातही येत नाही. कचेरीतल्या कारकुनाला ही सुटी इंग्रजी अमदानीत आपसूक मिळाली. गिरणीतल्या कामगाराला मात्र ती झगडून मिळवावी लागली. महात्मा फुले यांचे सहकारी आणि ‘दीनबंधू’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी सप्टेंबर १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांची सभा भरविली आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन सिद्ध केले. आठवड्यातून एक दिवस विश्रांती, दुपारी अर्ध्या तासाची सुटी, कामाच्या तासांना मर्यादा आणि वेळच्या वेळी पगार या मागण्या त्यात होत्या, हे पुष्कळांना ठाऊक आहे. त्याच निवेदनात आणखी एक मागणी होती, तिचा उल्लेख क्वचितच होतो. कामावर असताना गंभीर इजा झालेल्या कामगारास तो बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, आणि तो जन्माचा अधू झाल्यास त्याच्या उपजीविकेची योग्य तजवीज व्हावी, अशी ती मागणी होती.

रविवारची मागणी मुंबईच्या गिरणी मालकांनी १० जून १८९० रोजी मान्य केली. इजेच्या भरपाईचा कायदा होण्यास १९२३ साल उजाडले आणि तो अमलात आला १ जुलै १९२४ पासून. म्हणजे एका मागणीला सहा वर्षे लागली, तर दुसरीला चाळीस. आज लोखंडे यांच्या निवेदनाला एकशे चाळीस वर्षे उलटून गेली आहेत. कायद्याच्या पुस्तकात पाहावे तर ही दुसरी मागणीही बऱ्याच अंशी मान्य झालेली दिसते. तथापि दोहोंत एक मोठा फरक राहून गेला आहे. रविवारची सुटी घेण्यासाठी कामगाराला काहीच सिद्ध करावे लागत नाही. भरपाईसाठी मात्र त्याला पुष्कळ सिद्ध करावे लागते. आपण येथे कामाला होतो, आपला पगार अमुक होता आणि ही इजा कामावरच झाली, या तीन गोष्टी दाखविल्याखेरीज त्याच्या हाती काही पडत नाही. आणि या तिन्ही गोष्टींचा पुरावा बहुधा त्याच्याजवळ नसून ज्याच्याकडून भरपाई घ्यायची त्याच्याच कपाटात असतो. अपघातग्रस्त कामगाराच्या प्रश्नाचे मर्म येथे आहे.

चिंचोळीचे चित्र

सोलापूरला हा प्रश्न नवा नाही. १८७७ साली या शहरात पहिली गिरणी सुरू झाली आणि पुढची कित्येक दशके शहराचा दिवस गिरणीच्या भोंग्यावर उगवला आणि मावळला. गिरण्या गेल्या, कामगार मात्र उरला. तो आता यंत्रमागावर, अक्कलकोट रस्त्यावरील कारखान्यांत आणि पुणे महामार्गावरील चिंचोळीच्या औद्योगिक वसाहतीत विखुरला आहे. चिंचोळीत यंत्रांचे सुटे भाग, रसायने, औषधांचा कच्चा माल, कापड अशा नाना तऱ्हेच्या मालाचे उत्पादन होते. फिरते पट्टे, दाबयंत्रे, बाष्पक, आम्ले आणि ज्वालाग्राही द्रावणे यांच्या सान्निध्यात माणसे आठ-आठ, बारा-बारा तास उभी असतात. गिरणीत एका छपराखाली हजारो कामगार होते, त्यांची संघटना होती, आणि एखाद्याचा हात गेला तर ती बातमी पाळी सुटण्यापूर्वी साऱ्या खात्यांत पोचत असे. आजच्या वसाहतीत एका कारखान्यात पाच-पन्नास माणसे असतात. त्यांतली निम्मी ठेकेदाराची असतात, आणि शेजारच्या भूखंडावर काय घडले हे कुंपणापलीकडे कळत नाही.

अशा ठिकाणी वरचेवर घडणारा प्रसंग कल्पनेने उभा करणे अवघड नाही. मोहोळ तालुक्यातील एका खेड्यातला तीस वर्षांचा तरुण ठेकेदारामार्फत पॉवर प्रेसवर लागलेला आहे. महिन्याला पंधरा हजार रुपये हाती पडतात. नेमणुकीचे पत्र नाही, पगाराची चिठ्ठी नाही. एके रात्री प्रेसखाली हात सापडतो आणि तीन बोटे जातात. पर्यवेक्षक त्याला मोटारीत घालून ओळखीच्या खासगी दवाखान्यात नेतो. डॉक्टर विचारतात, कसे लागले? तरुणाच्या वतीने पर्यवेक्षकच उत्तर देतो की गावाकडे कडबा कापताना यंत्रात हात गेला. तरुण गप्प राहतो, कारण दवाखान्याचा खर्च साहेब करणार आहेत आणि बरे झाल्यावर कामावर परत घेणार आहेत. दोन महिन्यांनी त्याच्या हातावर पंचवीस हजार रुपये ठेवले जातात, मुद्रांकाच्या कागदावर अंगठा घेतला जातो, आणि कामावर मात्र परत घेतले जात नाही.

या प्रसंगात मालक क्रूर आहे असे मानण्याचे कारण नाही. त्याने दवाखान्याचे बिल भरले, पंचवीस हजार रुपयेही दिले. त्याच्या दृष्टीने तो धर्म झाला. प्रश्न इतकाच की, जे कायद्याने देणे होते ते धर्म म्हणून का दिले गेले, आणि देणे होते तरी किती?

कायद्याचा हिशेब

२१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार कामगार संहिता अमलात आल्या. १९२३ चा भरपाई कायदा आणि १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा हे दोन्ही सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये विलीन झाले. नावे बदलली तरी भरपाईचा सांगाडा तोच राहिला आहे. कामगार कायमचा पूर्ण अपंग झाला तर मासिक वेतनाच्या साठ टक्के रक्कम घ्यायची आणि वयानुसार ठरलेल्या गुणकाने तिला गुणायचे. मृत्यू झाला तर साठऐवजी पन्नास टक्के घ्यायचे. तीस वर्षे वयाचा गुणक २०७.९८ आहे, पन्नास वर्षांचा १५३.०९. अपंगत्व अंशतः असेल तर कोणत्या अवयवाच्या हानीने कमाईची किती टक्के क्षमता गेली याचे कोष्टक कायद्यालाच जोडलेले आहे. तर्जनी संपूर्ण गेली तर चौदा टक्के, अंगठा गेला तर तीस टक्के, एका हाताची तीन बोटे गेली तर तीस टक्के, चार गेली तर पन्नास टक्के. माणसाच्या बोटांचा असा बाजारभाव लावणे कोणालाही अमानुष वाटेल. पण भाव ठरलेला नसेल तर दुबळ्याला मिळणारा भाव नेहमीच पंचवीस हजार असतो, हेही विसरून चालणार नाही.

वरील तरुणाचा हिशेब मांडून पाहावा. पंधरा हजारांचे साठ टक्के म्हणजे नऊ हजार. त्याला २०७.९८ ने गुणले असता १८,७१,८२० रुपये होतात, आणि त्याचे तीस टक्के म्हणजे ५,६१,५४६ रुपये. शिवाय औषधोपचाराचा खर्च मालकाने सोसायचा तो निराळा, आणि बरे होईपर्यंत दर पंधरवड्याला मासिक वेतनाच्या पंचवीस टक्क्यांचा हप्ता द्यायचा तोही निराळा. रक्कम देय झाल्यापासून महिन्याभरात दिली नाही तर बारा टक्के व्याज आणि सबळ कारणाशिवाय विलंब केल्यास रकमेच्या निम्म्यापर्यंत अधिक दंड, अशीही तरतूद आहे. साडेपाच लाखांहून अधिक असलेले हे देणे मुद्रांकाच्या एका कागदावर पंचवीस हजारांत मिटविण्यात आले. वस्तुतः भरपाईचा हक्क सोडून देणारा कोणताही करार कायद्याने रद्दबातल आहे. अंगठा दिला म्हणून हक्क जात नाही. पण अंगठा देणाऱ्याला हे सांगणार कोण?

आता याच हिशेबातील पंधरा हजार हा एक आकडा बदलून पाहावा. हजेरीपटावर महिन्यातले निम्मेच दिवस मांडले असतील आणि कागदावरचे वेतन साडेसात हजार असेल, तर भरपाईही बरोबर निम्मी, म्हणजे २,८०,७७३ रुपये होते. दर महिन्याच्या हजेरीपटात झालेली ही लबाडी त्या त्या महिन्यात कामगाराला जाणवत नाही, कारण रोख पैसे पूर्ण मिळत असतात. ती जाणवते ती अपघाताच्या दिवशी. वेतन कमी आणि भत्ते जास्त दाखवून देणी कमी करण्याची जी रीत पडली होती तिला नव्या संहितेने काहीसा पायबंद घातला आहे. भत्त्यांचा भाग एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक असेल तर वरचा भाग वेतनातच धरला जातो. मात्र जो पैसा कागदावर आलाच नाही त्याला ही तरतूद काय करणार?

विम्याचा मार्ग

भरपाईच्या या मार्गाहून अधिक चांगला मार्ग म्हणजे राज्य कामगार विमा. प्रा. बी. पी. अदारकर यांच्या १९४४ च्या अहवालावर आधारलेली ही योजना १९४८ च्या कायद्याने आली आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे सुरू झाली. दहा किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांना ती लागू होते. १ जुलै २०१९ पासून तिची वर्गणी वेतनाच्या चार टक्के झाली. त्यांत मालकाचा वाटा सव्वातीन टक्के आणि कामगाराचा पाऊण टक्का. पंधरा हजार वेतनावर मालकाचे महिन्याला ४८७ रुपये ५० पैसे आणि कामगाराचे ११२ रुपये ५० पैसे होतात. नोकरीच्या पहिल्याच दिवशी अपघात झाला तरी हा विमा लागू पडतो. आजारपणाच्या लाभासाठी काही काळ वर्गणी भरलेली असावी लागते, तशी अट इथे नाही.

दोन मार्गांतील अंतर आकड्यांनीच समजून घ्यावे. इजा झाल्यावर अंथरुणावर असलेल्या काळात विमा योजनेतून वेतनाच्या सुमारे नव्वद टक्के मिळतात, म्हणजे पंधरा हजारांमागे साडेतेरा हजार. भरपाईच्या तरतुदीखाली महिन्याला साडेसात हजार. कागदावर नसलेल्या कामगाराला शून्य. त्या तरुणाची कमाईची क्षमता तीस टक्क्यांनी घटली असे वैद्यकीय मंडळाने ठरविले, तर विमा योजनेतून त्याला महिना सुमारे ४,०५० रुपये आयुष्यभर मिळत राहतात. साडेअकरा वर्षांत त्यांची बेरीज भरपाईच्या एकरकमी आकड्याएवढी होते, आणि तेव्हा तो तरुण जेमतेम बेचाळीस वर्षांचा असतो. एकरकमी पैशाचे काय होते हे खेड्यात राहणाऱ्याला सांगायला नको. सावकार, बहिणीचे लग्न, गळके छप्पर, विहिरीचा पंप यांत ते वर्षभरात विरघळतात, आणि तीन बोटांची उणीव मात्र उरलेले आयुष्य सोबत करते. अर्थशास्त्राच्या परिभाषेत बोलायचे तर अपघाताने नाहीसा होतो तो उत्पन्नाचा प्रवाह. त्याची भरपाईही प्रवाहाच्या रूपाने झाली तरच ती खरी भरपाई.

लोखंडे यांच्या निवेदनात एकरकमी मोबदला मागितलेला नव्हता. बरा होईपर्यंत पगार आणि अधू झाल्यास उपजीविकेची तजवीज, असे त्यांचे शब्दशः दोन भाग होते. योगायोग असा की, त्याच १८८४ च्या जुलै महिन्यात जर्मनीत बिस्मार्कच्या राजवटीत अपघात विम्याचा कायदा मंजूर झाला. चूक मालकाची की कामगाराची हा प्रश्न बाजूला सारून उद्योगधंद्यांच्या वर्गणीतून जखमी कामगाराला निर्वाह देण्याचे तत्त्व त्याने रूढ केले. ज्या धंद्यात धोका अधिक त्याची वर्गणी अधिक, हेही त्या पद्धतीचे एक अंग आहे. आपल्याकडे मात्र आम्लांची पिंपे हाताळणाऱ्या कारखान्याला आणि टंकलेखनाच्या कचेरीला एकच दर आहे. अपघात टाळणाऱ्या मालकाला त्यामुळे कसलेही बक्षीस नाही आणि वरचेवर अपघात होऊ देणाऱ्याला वर्गणीच्या रूपाने कसलीही शिक्षा नाही. हा दोष दूर करण्यासारखा आहे.

पहिले दोन दिवस

हक्क न्यायालयात गमावला जातो अशी सर्वसामान्य समजूत आहे. खरे पाहता तो बहुतेक वेळा अपघातानंतरच्या पहिल्या दोन दिवसांतच गमावला जातो. दवाखान्यात डॉक्टरांनी लिहिलेले पहिले वाक्य हा साऱ्या प्रकरणाचा पाया असतो. तिथे ‘कडबा कापताना’ असे लिहिले गेले की पुढे दहा साक्षीदार आणले तरी तो दोष धुऊन निघणे कठीण. म्हणून इजा कुठे, केव्हा आणि कोणत्या यंत्रावर झाली हे जखमी माणसाने किंवा त्याच्या सोबत्याने डॉक्टरांना खरे सांगावे आणि तशी एमएलसी नोंद करून घ्यावी. मालकाला लेखी कळवावे आणि त्या कागदाची पोच घ्यावी. कारखान्याच्या अपघात नोंदवहीत नोंद झाली की नाही हे पाहावे. अठ्ठेचाळीस तास किंवा अधिक काळ कामावर येता येऊ नये अशी इजा असेल तर मालकाने ती अधिकाऱ्यांना कळविलीच पाहिजे. जवळ असलेले सोबती कोण होते त्यांची नावे लिहून ठेवावीत. हजेरीचे कार्ड, बँकेतल्या पगाराच्या नोंदी, ठेकेदाराने पाठविलेले निरोप, प्रवेशद्वारावरचा पास, यांतले काहीही फेकू नये. विमा क्रमांक असेल तर तो घरच्या माणसांनाही ठाऊक असावा.

मालकाने नाव नोंदविलेच नसेल, किंवा वर्गणी कापून भरलीच नसेल, तर सारे संपले असे मानण्याचे कारण नाही. अशा कामगाराला लाभ देऊन तो खर्च मालकाकडून वसूल करण्याचा अधिकार विमा महामंडळाला आहे. विमा योजना लागू नसेल तर भरपाईची तरतूद लागू होते, आणि तिला दहा माणसांची अट नाही. ठेकेदार बेपत्ता झाला तर मूळ मालकाकडून भरपाई मागता येते. कामगाराचा निष्काळजीपणा होता एवढ्यावरून भरपाई नाकारता येत नाही. नशेत असणे, सुरक्षिततेचा स्पष्ट नियम हेतुपुरस्सर मोडणे किंवा यंत्राचे संरक्षक साधन जाणूनबुजून काढून टाकणे एवढीच कारणे कायदा मान्य करतो. मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास तीही चालत नाहीत. सक्षम प्राधिकाऱ्याकडे दावा दोन वर्षांच्या आत दाखल करावा लागतो. आणि वकिलाची फी परवडत नाही ही अडचण खरी नव्हे, कारण विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ प्रमाणे औद्योगिक कामगार त्याच्या उत्पन्नाचा विचार न करता मोफत कायदेशीर साहाय्याला पात्र आहे. जिल्हा न्यायालयाच्या आवारातील विधी सेवा प्राधिकरणाकडे एक साधा अर्ज केला तरी त्याची सुरुवात होते.

कोष्टकातील टक्के हा शेवटचा शब्द नव्हे, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. डिसेंबर १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे एका सुताराचे प्रकरण आले होते. कामावर पडून त्याचा डावा हात कोपरावरून गेला होता. हे अपंगत्व अंशतःच आहे असे मालकाचे म्हणणे होते. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून या माणसाची त्याच्या कामापुरती क्षमता पूर्णच गेली, असा निवाडा न्यायालयाने दिला. अवयव किती गेला यापेक्षा तो ज्या कामावर जगत होता ते काम त्याला करता येते की नाही, हा प्रश्न मोठा आहे. विणकराची, शिंप्याची किंवा जोडारीची बोटे आणि पहारेकऱ्याची बोटे यांचे मोल सारखे नाही.

धाराशिवचा धडा

वेळेवर दावा केला, कागद नीट होते, तरीही काय घडू शकते याचे उदाहरण सोलापूरच्या शेजारीच आहे. धाराशिव जिल्ह्यातील एका साखर कारखान्याचा पहारेकरी २२ एप्रिल २००३ रोजी पहाटे तीनच्या पाळीसाठी मोटारसायकलवरून निघाला. कारखाना सुमारे पाच किलोमीटर उरला असताना अपघात होऊन तो मरण पावला. मागे विधवा, चार मुले आणि आई. भरपाई आयुक्तांनी सव्वातीन लाखांच्या आसपास रक्कम आणि व्याज मंजूर केले. विमा कंपनी उच्च न्यायालयात गेली. कामावर पोचण्यापूर्वी झालेला अपघात कामावरचा नव्हे, असे म्हणून उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. अखेर जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कुटुंबाच्या बाजूने निकाल दिला. घरून कामावर जाता-येता झालेला अपघात, वेळ, स्थळ आणि परिस्थिती पाहता कामाशी त्याचा संबंध जुळत असेल तर, कामावरचाच मानला पाहिजे, असे त्यात स्पष्ट झाले. सामाजिक सुरक्षा संहितेतही आता तशी तरतूद आहे. चिंचोळीच्या रात्रपाळीसाठी महामार्गावरून दुचाकीवर येणाऱ्या प्रत्येकाला या निकालाचा आधार आहे.

निकाल न्याय्य झाला यात संशय नाही. परंतु अपघात आणि अंतिम निकाल यांत बावीस वर्षे गेली. वडील वारले तेव्हा जे मूल शाळेत होते ते निकालाच्या दिवशी स्वतः संसारात असणार. मुलांच्या शिक्षणासाठी, पोटासाठी जो पैसा २००३ साली हवा होता तो २०२५ साली आला. व्याजाने रुपयांची झीज भरून निघते, बालपणाची निघत नाही. म्हणूनच न्यायालयाच्या दारात जाण्याची वेळ येऊ नये, विमा योजनेच्या मार्गाने पहिल्याच महिन्यात घरात पैसा यावा, यासाठी धडपड करणे अधिक शहाणपणाचे.

मालकाची बाजू

लहान कारखानदाराचीही एक बाजू आहे. मालाचे पैसे सहा-सहा महिने अडकून पडतात, विजेचे बिल थांबत नाही, त्यात वर्गणी, नोंदवह्या आणि निरीक्षक यांचा जाच, अशी त्याची तक्रार असते. ती सर्वस्वी खोटी नाही. परंतु हिशेब त्यानेही मांडून पाहावा. वीस कामगारांसाठी पंधरा हजार वेतनावर त्याची मासिक विमा वर्गणी ९,७५० रुपये होते. एका तरुणाच्या तीन बोटांचे देणे साडेपाच लाखांवर जाते, आणि मृत्यू झाल्यास ते पंधरा लाखांपलीकडे. कामगार विमाधारक असेल तर हे देणे मालकाच्या शिरावरून उतरून विमा महामंडळाकडे जाते. म्हणजे विमा हा कामगारावरचा उपकार नसून मालकाचेही संरक्षण आहे. धोका मालक आणि मजूर असा भेद पाळत नाही, हे सोलापूरने अलीकडेच पाहिले आहे. १८ मे २०२५ रोजी अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत टॉवेलच्या कारखान्याला लागलेल्या आगीत आठ जण मृत्युमुखी पडले. त्यांत कामगाराचे कुटुंबीय होते, तसेच खुद्द कारखान्याचे मालक आणि त्यांच्या घरची माणसेही होती.

नव्या संहितांमुळे दोन गोष्टी कामगाराच्या बाजूने झाल्या आहेत. प्रत्येकाला नेमणुकीचे पत्र देणे मालकावर बंधनकारक झाले आहे. आणि सुरक्षिततेचे नियम मोडल्यामुळे मृत्यू किंवा गंभीर इजा झाल्यास मालकाला होणाऱ्या दंडाचा किमान निम्मा भाग जखमी माणसाला किंवा त्याच्या वारसांना देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते. उलट बाजूस, विजेवर चालणारा कारखाना ‘कारखाना’ ठरण्यासाठी लागणारी कामगारांची संख्या दहावरून वीस करण्यात आली आहे. जिथे देखरेखीची गरज अधिक तिथेच ती विरळ होण्याची भीती यातून निर्माण होते. सोलापूरसारख्या लहान कारखान्यांच्या शहराला ही बाब विशेष चिंतेची आहे.

सुशिक्षितांचा वाटा

शिक्षक, कारकून आणि विद्यार्थी यांचा या साऱ्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध दुहेरी आहे. सरकारी नोकरीत असताना एखाद्याला अपंगत्व आले तर त्याला नोकरीवरून काढता येत नाही किंवा त्याचा दर्जा उतरविता येत नाही, असे संरक्षण दिव्यांग हक्क अधिनियम, २०१६ ने सरकारी आस्थापनांतील नोकरांना दिले आहे. जुने काम जमत नसेल तर त्याच वेतनावर दुसरे काम द्यावे लागते. खासगी कारखान्यातल्या तरुणाला हे संरक्षण नाही. वर्गात उभे राहून शिकविताना बोटे जाण्याची शक्यता नसलेल्याची नोकरी सुरक्षित आणि प्रेसवर हात घालणाऱ्याची असुरक्षित, ही विसंगती सुशिक्षितांनी तरी उघड्या डोळ्यांनी पाहिली पाहिजे.

दुसरा संबंध अधिक साधा आहे. अपघातग्रस्त कामगाराला दयेहून अधिक गरज असते ती कागद वाचणाऱ्या आणि लिहिणाऱ्या माणसाची. ती विद्या सुशिक्षितांपाशी आहे. चिंचोळीच्या वसाहतीत कामगार विमा, औद्योगिक सुरक्षा संचालनालय आणि विधी सेवा प्राधिकरण यांचे मिळून एक साहाय्य केंद्र आठवड्यातून एक दिवस भरावे, ही मागणी अवास्तव नाही. प्रत्येक कारखान्याच्या प्रवेशद्वारावर मराठी, हिंदी आणि तेलुगू या भाषांत विमा क्रमांक कसा मिळवावा आणि अपघात झाल्यास कोणाला कळवावे याचा फलक लागला पाहिजे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत जोडारी आणि वीजतंत्री शिकणाऱ्या मुलाला यंत्र चालविण्याबरोबर यंत्रात हात गेल्यास काय करावे याचाही एक पाठ असावा. आणि महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे रस्ते झाडण्यात जितके दिवस घालवितात त्यांतला एक दिवस त्यांनी वसाहतीतल्या कामगारांचे अर्ज भरून देण्यात घालवावा. यातील एकाही गोष्टीसाठी नवा कायदा लागत नाही.

लोखंडे यांच्या निवेदनावर सह्या करणाऱ्या साडेपाच हजारांतील कितीजणांना लिहिता येत होते, हा प्रश्न गौण आहे. त्यांच्या वतीने लिहिणारा एक माणूस होता आणि त्याने त्यांचे म्हणणे त्यांच्याच बाजूने लिहिले, ही महत्त्वाची गोष्ट. आज चिंचोळीत जखमी झालेल्या तरुणाच्या वतीने दवाखान्यात जो बोलतो तो बहुधा दुसऱ्या पक्षाचा असतो. त्याच्या शेजारी त्याच्या बाजूचा एक माणूस उभा राहिला आणि ‘कामावर लागले’ हे दोन शब्द कागदावर उतरले, तर १८८४ च्या त्या निवेदनातील मागे पडलेली मागणी त्या एका घरापुरती तरी पूर्ण झाली असे म्हणता येईल.